संत्र्याच्या गाडीला एआय कॅमेरा बसवावा का?

वरुडकडच्या एका वाहतूकदार भाऊंनी विचारलं आहे. त्यांच्याकडे दोन आयशर आणि एक पिकअप आहे. आंबिया बहारात संत्रा रात्री भरून पहाटे नागपूरच्या कळमना बाजारात पोचवायचा, बाकी दिवसांत सरकी-ढेप आणि मिळेल ते भाडं, कधी समृद्धीवरून लांबची खेप. नागपूरचा एक विक्रेता त्यांच्या मागे लागला आहे, ‘एआय कॅमेरा बसवा आणि अपघात विसरा.’ भाऊंच्या शंका अशा: रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर आडवं आलं तर कॅमेरा ओळखेल का? चालकाला झोप लागली तर गाडी थांबेल का? रेंज नसेल तिथे हे चालतं का? आणि एवढा खर्च करून हाती काय लागतं?

मी अमरावती-वर्धा पट्ट्यात गाड्यांचं इलेक्ट्रिक काम करतो. गेली काही वर्षं त्यात कॅमेऱ्यांचं काम वाढत चाललं आहे. भाऊ, तुम्ही कॅमेरा बसवा, पण विक्रेता सांगतो त्या कारणासाठी नको. तो तुम्हाला रस्त्याकडे बघणारा कॅमेरा विकतो आहे. तुमच्या कामाचा आधी आतला, चालकाच्या चेहऱ्याकडे बघणारा कॅमेरा आहे. असं का, ते नीट सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे बाहेरून आणून बसवलेला असा कॅमेरा गाडी थांबवत नाही. त्याची वायर ब्रेकपर्यंत जातच नाही. तो बझर वाजवतो, स्क्रीनवर लाल खूण दाखवतो, काही मॉडेलमध्ये सीटखाली थरथर करणारी मोटर असते. बस, एवढंच. स्वतःहून ब्रेक दाबणारी यंत्रणा सहसा कंपनीतूनच बसून येते, कारण ती ब्रेकच्या कंट्रोल युनिटशी जोडलेली असते. महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० मध्ये २०२१ पासून ती मिळू लागली. त्यात काचेमागे कॅमेरा आणि पुढे रडार असं दोन्ही असतं. होंडाने २०२२ मध्ये सिटीच्या हायब्रिड मॉडेलमध्ये हेच काम एकट्या कॅमेऱ्यावर केलं. नव्या ट्रक आणि बसमध्ये आपोआप ब्रेक, झोपेचा इशारा आणि लेन सुटल्याचा इशारा कंपनीतूनच यावा, असा मसुदा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२५ मध्ये काढला. म्हणजे पुढे नवी गाडी घ्याल तेव्हा हा विषय वेगळा असेल. आज तुमच्या दारात उभ्या असलेल्या आयशरला मिळणार आहे तो इशारा, आणि इशाऱ्यानंतर पाय चालकालाच हलवायचा आहे.

रेंजचं लगेच सांगून टाकतो. चित्र ओळखण्याचं काम डब्यातल्या चिपवरच होतं, त्याला इंटरनेट लागत नाही. चित्र आत येतं, शिकवून तयार केलेलं मॉडेल त्यात गाडी, माणूस, दुचाकी, रस्त्यावरचा पांढरा पट्टा शोधतं आणि सेकंदाच्या आत निर्णय देतं. सिमकार्ड लागतं ते तुमच्या मोबाइलवर सूचना पाठवायला, क्लिप चढवायला आणि गाडी कुठे आहे ते दाखवायला. त्यामुळे रेंज गेली तरी बझर वाजलाच पाहिजे. विक्रेत्यासमोरच सिम काढा आणि वाजवून दाखवा म्हणा. नाही वाजला, तर तो एआय कॅमेरा नाही. तो रेकॉर्डिंग करून सर्व्हरकडे पाठवणारा डबा आहे, आणि तुमच्या रस्त्यांवर त्याचा उपयोग अर्धाच.

आता बाहेरच्या कॅमेऱ्याकडे येऊ. तो अंतर कसं मोजतो हे समजलं, तर त्याच्या चुका कुठे होणार हे आपोआप कळतं, म्हणून इथे जरा रेंगाळतो. एकाच डोळ्याचा कॅमेरा अंतर थेट मोजू शकत नाही. तो बघतो की पुढच्या गाडीची चाकं चित्रात जमिनीला कुठे टेकली आहेत. रात्री मचाणावर बसून जागल करताना पायथ्याचं झाड बघायला मान खाली घालावी लागते आणि दूरच्या धुऱ्यावरचं झाड नजरेच्या जवळपास सरळ रेषेत दिसतं, तसंच हे. कॅमेरा जमिनीपासून किती उंचीवर आहे आणि वस्तू क्षितिजाच्या किती खाली दिसते, या दोन आकड्यांवरून तो अंतर काढतो.

हिशोब करून बघा. कॅमेरा २ मीटर उंचीवर आहे आणि पुढे ५० मीटरवर ट्रॅक्टर आहे. ट्रॅक्टरचं मागचं चाक क्षितिजाच्या साधारण २.३ अंश खाली दिसेल. आता कॅमेऱ्याच्या बसण्यात फक्त अर्ध्या अंशाचा फरक पडला, तर तोच ट्रॅक्टर एका बाजूला चूक झाली तर ४१ मीटरवर वाटतो आणि दुसऱ्या बाजूला झाली तर ६४ मीटरवर. अर्धा अंश म्हणजे डोळ्यांना दिसणारही नाही एवढा कल. जवळच्या वस्तूला याचा फारसा फटका बसत नाही, पण वेगात इशारा हवा असतो तो ५०-६० मीटरवरच.

आणि मालाच्या गाडीत हा अर्धा अंश रोज बदलतो. संत्र्याचे क्रेट भरले की मागचे पाटे दबतात, नाक वर होतं, कॅमेरा किंचित आभाळाकडे बघू लागतो. मग पुढची वस्तू चित्रात खाली सरकते आणि कॅमेऱ्याला ती आहे त्यापेक्षा जवळ वाटते. परिणाम एवढाच की बझर लवकर आणि जास्त वाजेल. उलट, भरलेल्या गाडीवर कॅमेरा सेट केला आणि परतीला गाडी रिकामी धावली, तर ट्रॅक्टर आहे त्यापेक्षा दूर वाटेल आणि बझर उशिरा वाजेल. ही चूक महागात पडणारी आहे, कारण रिकाम्या गाडीला चालकही जरा जास्तच पळवतो. म्हणून मी कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची उंची आणि कल यंत्रात नेमका बसवण्याचं काम, रिकाम्या गाडीवरच करतो. चालक ‘खूप वाजते’ म्हणून कुरकुर करतो, ती ऐकून घेतो.

काही यंत्रं स्वतःच स्वतःला दुरुस्त करतात. रस्त्यावरचे पांढरे पट्टे दूर कुठे एकत्र मिळतात ते बघून ती क्षितिज शोधतात. पण त्यासाठी पट्टे तर हवेत! गावाकडच्या रस्त्यावर डांबराची कडच कुठे संपते ते कळत नाही, तिथे पट्टा कुठला आणायचा? त्यामुळे कॅमेरा बसवल्यावर गाडी थेट बागेत नेऊ नका. आधी तळेगाव-कोंढाळीकडच्या राष्ट्रीय महामार्गावर किंवा समृद्धीवर काही किलोमीटर सरळ चालवून आणा, यंत्र ‘कॅलिब्रेशन पूर्ण’ असं सांगेपर्यंत. लेन सुटल्याचा इशाराही याच कारणामुळे तुमच्या निम्म्या रस्त्यांवर गप्पच राहणार. तो बहुतेक यंत्रांमध्ये ताशी ५०-६० किलोमीटरच्या वर आणि पट्टा दिसत असेल तेव्हाच चालू होतो. समृद्धीवर मात्र तो चांगला चालतो.

आता रोही. या प्रश्नाचं उत्तर ऑस्ट्रेलियातून येतं. व्होल्वो कंपनीची प्राणी ओळखण्याची यंत्रणा स्वीडनच्या मूस आणि हरणांवर तयार झाली होती. तीच ऑस्ट्रेलियात नेली तर कांगारू बघून ती गोंधळली, हे कंपनीच्या तिथल्या लोकांनी २०१७ मध्ये स्वतःच सांगितलं. कारण वर सांगितलं तेच आहे. कांगारू उडी मारतो तेव्हा त्याचे पाय जमिनीवर नसतात. हवेत तो दूर वाटतो, टेकला की जवळ. अंतराचा सगळा हिशोब जमिनीवर टेकलेल्या जागेवर उभा असतो, आणि तीच जागा हलली.

आपला रोही उड्या मारत येत नाही, पण तो तुरीच्या पट्ट्यातून सरळ रस्त्यावर निघतो. तुरी डोक्याएवढ्या झाल्या की कॅमेऱ्याला तो दिसायला लागतो तेव्हा तो डांबरावर आलेलाच असतो. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. कॅमेऱ्याने ओळखलं, बझर वाजला, चालकाने ऐकलं, पाय उचलून ब्रेकवर आणला, यात दीड सेकंद धरला तरी २५ मीटर गेले, आणि ब्रेक लागायला तर आता सुरुवात झाली. शिवाय विकत मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त मॉडेलना गाड्या, दुचाक्या आणि माणसं शिकवलेली असतात, प्राणी नव्हे. हैदराबादच्या ट्रिपल आयटी (आयआयआयटी) या संस्थेने २०१८ मध्ये भारतीय रस्त्यांचा एक चित्रसंग्रह तयार केला. त्यात १०,००४ चित्रं आहेत, ती हैदराबाद, बंगळूरु आणि त्यांच्या आसपासच्या रस्त्यांवरची आहेत, आणि त्यात ऑटोरिक्षा आणि जनावरं असे वेगळे वर्ग ठेवले आहेत. परदेशी संग्रहांत ऑटोरिक्षाच नव्हती, म्हणून हे काम मोलाचं. पण पऱ्हाटी (कापसाच्या वाळक्या काड्या) लादलेली बंडी, जिचे बैल झाकले गेले आहेत आणि मागून नुसता काड्यांचा ढीग चालताना दिसतो आहे, ती चित्रांच्या अशा ढिगांत कितीशी असणार? तुमच्या विक्रेत्याला हेच विचारा. त्याच्या डेमोच्या व्हिडिओत नागपूरचा रिंग रोड आहे की मोर्शी-वरुडचा रस्ता, ते बघा.

रात्रीची गोष्ट आणखी सरळ आहे. कॅमेरा तुमच्या हेडलाइटच्या पलीकडे बघू शकत नाही. डिपरवर उजेड जिथे संपतो तिथे त्याचीही नजर संपते. समोरून कोणी फुल लाइट मारत आला की त्याचंही चित्र पांढरं होतं, तुमच्या डोळ्यांसारखंच. रानडुक्कर ठेंगणं, अंग काळपट, रस्ता काळा. त्याच्याकडून अपेक्षाच ठेवू नका. हंगामात कापसाच्या ट्रॉल्या मागच्या दिव्यांशिवाय धावतात, दोन-दोन ट्रॉल्या जोडून. त्या कॅमेऱ्याला दिसाव्यात असं वाटत असेल, तर सर्वात स्वस्त उपाय कॅमेऱ्यात नाहीच, ट्रॉलीच्या मागे लावायच्या रेडियमच्या पट्टीत आहे. ती पट्टी चालकाच्या डोळ्यांनाही दिसते आणि यंत्रालाही. तुमच्या बागेतली बंडी-ट्रॉली असेल, तर कॅमेऱ्याच्या आधी तिला रेडियम लावा. हे मी विकत नाही, म्हणून मोकळेपणाने सांगतो.

मग बाहेरचा कॅमेरा अगदीच फुकट आहे का? नाही. पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक लावला आणि आपला चालक मोबाइलकडे बघत होता, अशा वेळी तो वाचवतो. मोबिलआय कंपनीचं यंत्र धडकेच्या जास्तीत जास्त २.७ सेकंद आधी वाजतं. महामार्गावर, दिवसा, पुढे ओळखीचं वाहन असताना, एवढा वेळ पुरेसा असतो. नागपूरच्या शहर बसमध्ये २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयरास्ते प्रकल्पात अशीच यंत्रं बसवली गेली. त्यात महापालिका, इंटेल, महिंद्रा, दिल्लीची रस्ता संशोधन संस्था आणि ट्रिपल आयटी हैदराबादचे लोक होते. त्यात मला आवडलेली गोष्ट चालकाला मिळणाऱ्या इशाऱ्याची नाही. शहरात इशारे कुठे-कुठे परत-परत वाजतात याचा त्यांनी नकाशा केला. अपघात होऊन गेलेल्या जागा तर पोलिसांकडे असतातच. होता-होता वाचलेल्या जागा यातून सापडतात. हे तुम्हीही करू शकता. ॲपमध्ये महिन्याभराचे इशारे नकाशावर उघडा. कुठला वळणदार पूल, कुठला जिनिंगसमोरचा चौक पुन्हा-पुन्हा येतो ते दिसेल. तिथे हळू घ्या असं चालकाला सांगायला मालकाच्या दटावणीपेक्षा तो नकाशा बरा.

आता आतल्या कॅमेऱ्याबद्दल, ज्यासाठी मी तुम्हाला खर्च करा म्हणतो.

बाहेर हजार प्रकारच्या गोष्टी असतात. आत एकच चेहरा असतो, तोही तीन-चार फुटांवर, रोज त्याच जागी. यंत्राचं काम तिथे कितीतरी सोपं होतं. उजेडाचीही अडचण नाही, कारण हा कॅमेरा स्वतःचा अवरक्त (इन्फ्रारेड) उजेड टाकतो, जो चालकाला दिसत नाही. घेताना ९४० नॅनोमीटरचे एलईडी आहेत का विचारा. ८५० वाल्यांचे लाल ठिपके अंधारात डोळ्यासमोर चमकतात आणि चालक वैतागतो. यंत्र पापण्या, मान आणि नजर बघतं. झोप मोजायची जुनी आणि भरवशाची पद्धत म्हणजे एका मिनिटात किती वेळ डोळे ८० टक्क्यांहून जास्त मिटलेले होते, ते टक्क्यांत काढणं. पापणी पटकन लवणं वेगळं आणि जड होऊन खाली येत राहणं वेगळं, एवढं त्यातून कळतं. चांगलं यंत्र या मोजमापावर आधीच सावध करतं. हलकं यंत्र डोळे सलग दीड-दोन सेकंद मिटले की मगच ओरडतं. ताशी ८० च्या वेगात दोन सेकंद म्हणजे ४४ मीटर. गाडी तेवढी आंधळी धावून झालेली असते. म्हणून ‘झोप लागल्यावर वाजतो का’ असं विचारू नका, ‘पेंग यायला लागल्यावर वाजतो का’ असं विचारा. भारतात या यंत्रणेसाठी एआयएस १८४ नावाचं मानक आहे. त्याप्रमाणे तपासलेलं आहे का, ते कागदावर मागा.

आपल्या भागात या कॅमेऱ्याचा मोठा शत्रू खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण, आहे. हसू नका. स्वस्त यंत्रात हात तोंडाकडे गेला की ‘धूम्रपान’ म्हणून बोंब होते. तोंड उघडं ठेवून चघळणं त्याला जांभई वाटतं. खिडकीतून पिंक टाकायला मान वळवली की ‘लक्ष विचलित’. एका चालकाने मला ऐकवलं होतं, ‘भाऊ, हे मशीन मले झोपू त देतच नाही, पन खर्रा बी खाऊ देत नाही.’ खर्रा सुटला तर चांगलंच, पण यंत्र त्यासाठी घेतलेलं नाही. दिवसभरात पन्नास खोटे इशारे झाले की एकावन्नावा खरा इशाराही चालकाला ऐकू येत नाही. म्हणून बसवल्यावर पहिल्या आठवड्यात धूम्रपानाचा इशारा बंद करा, जांभईची संवेदना कमी ठेवा, डोळ्यांची आणि मोबाइलची मात्र पूर्ण ठेवा.

थंडीत चालक कानाला दुपट्टा गुंडाळतात आणि तो नाकापर्यंत येतो. डोळे उघडे दिसले तरी बऱ्याच यंत्रांना पूर्ण चेहरा लागतो, नाहीतर ‘चालक दिसत नाही’ असं म्हणत बसतात. काही काळे गॉगल अवरक्त उजेडही अडवतात. रात्री गॉगलचा प्रश्न नाही, पण दुपारी अकोल्याकडे जाताना झोप येते तेव्हा गॉगल असतोच. चालकाचा स्वतःचा गॉगल आणि दुपट्टा घालूनच चाचणी घ्या. कॅमेरा स्टिअरिंगच्या बरोबर मागे लावू नका, चाक वळलं की चेहरा झाकतो. काचेच्या डावी-उजवीकडच्या खांबावर, डोळ्यांच्या थोडा खाली, चालकाकडे तिरपा, ही जागा मला सर्वात बरी वाटते.

पण खरं दुखणं बझर वाजल्यानंतर सुरू होतं. पेंगेवर यंत्राकडे औषध नाही. आवाजाने माणूस दचकून जागा होतो आणि थोड्याच वेळात पुन्हा पेंगतो. समृद्धीवर हे जास्त होतं. ७०१ किलोमीटरचा सरळ, एकसुरी रस्ता, मध्ये गाव नाही, चौक नाही, बैल नाही, आणि डोळ्यांना काही कामच नाही. रात्री दोन ते पाच शरीराला झोप हवीच असते, त्यावर कोणाची मर्दुमकी चालत नाही. इशारा दोनदा वाजला की गाडी बाजूच्या थांब्यावर घ्यायची, चहा प्यायचा आणि लगेच वीस मिनिटं डोळे मिटायचे. चहा अंगात भिनायला तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे उठल्यावर दोन्हीचा फायदा मिळतो. चालक हे तेव्हाच करेल, जेव्हा मालकाने आधी सांगून ठेवलं असेल की लिलावाला अर्धा तास उशीर झाला तर चालेल. पहाटे तीनला तुमच्या मोबाइलवर झोपेची सूचना येईल आणि तुम्ही तो सायलेंट करून झोपला असाल, तर त्या सिमचे पैसे वाया. फोन करा, बोला, थांब म्हणा. पण आधी तो गाडीत ब्लूटूथवर उचलता येईल अशी सोय करा, नाहीतर तुमच्याच फोनसाठी तो मोबाइल हातात घेईल आणि यंत्र पुन्हा ओरडेल!

आणि एक कळकळीची विनंती. इशाऱ्यांवरून पगार कापू नका. जिथे कापतात तिथल्या गाड्या माझ्याकडे येतात तेव्हा लेन्सवर चुना लावलेला असतो, नाहीतर टिकली चिकटवलेली, आणि वायर ‘उंदराने कुरतडली’ असते. चालकाला बसवण्याआधी सांगा की कॅमेरा काय बघतो, रेकॉर्डिंग किती दिवस राहतं आणि कोण बघणार. दोन ओळींच्या कागदावर त्याची सही घ्या. माणसाची माहिती त्याला सांगूनच घ्यावी, हे तत्त्व २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही आहे. आतला माइक बंद ठेवा. चालक घरच्यांशी काय बोलतो ते ऐकून तुम्हाला काही मिळणार नाही. गाडी उभी असताना तो केबिनमध्ये झोपतो, कपडे बदलतो. इंजिन बंद झालं की आतला कॅमेरा बंद व्हावा, अशी सेटिंग करून घ्या.

बसवण्याबद्दल. तुमच्या आयशर १२ व्होल्टच्या आहेत की २४ च्या, ते आधी बघा. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या असतील तर २४. यंत्र दोन्हींवर चालणारं घ्या. वायर फ्यूज बॉक्समधून घ्या, तिला स्वतःचा छोटा फ्यूज हवा. हॉर्नच्या वायरला टेप गुंडाळून जोड मारणारा कारागीर असेल तर चहा पाजून परत पाठवा. पार्किंगमध्ये रेकॉर्डिंग चालू ठेवायचं असेल, तर बॅटरी खाली गेली की आपोआप तुटणारं यंत्र हवं, नाहीतर सकाळी गाडी ढकलायला बागेतले मजूर बोलवाल.

उन्हाळा हा आपल्याकडचा खरा परीक्षक आहे. ४५-४६ अंशाच्या दुपारी बंद केबिनच्या काचेला चिकटलेला डबा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. लिथियम बॅटरी असलेले डॅशकॅम अशा उष्णतेत फुगतात. बॅटरीऐवजी सुपरकॅपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) असलेलाच घ्या. मेमरी कार्ड साधं मोबाइलचं टाकू नका, सतत लिहिण्यासाठी बनवलेलं हाय एन्ड्युरन्स कार्ड मिळतं, ते टाका. फुल एचडीचा एक कॅमेरा सेकंदाला १५ मेगाबिट लिहीत असेल, तर तासाला पावणेसात जीबी होतात. दोन कॅमेरे धरले तर १२८ जीबीचं कार्ड साडेनऊ तासांत भरतं आणि जुन्यावर नवं लिहिलं जाऊ लागतं. म्हणजे काल रात्रीचं रेकॉर्डिंग आज संध्याकाळी कदाचित नसेल.

यातच एक आपल्या रस्त्यांची गंमत आहे. धक्का बसला की यंत्र ती क्लिप ‘अपघात’ म्हणून कुलूप लावून ठेवतं, पुसू देत नाही. आपल्याकडे दर खड्डा अपघात! कुलूपबंद खड्ड्यांनीच कार्ड भरतं आणि खऱ्या वेळी जागा नसते. धक्क्याची संवेदना सर्वात कमीवर ठेवा. आणि काचेवर कॅमेरा वायपर फिरतो त्या भागातच लावा. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल उडाला की बाकीची काच पुसली जात नाही. त्याच्यासमोरची लिंबू-मिरची, झालर आणि देवाच्या हाराची लोंबणारी टोकं बाजूला घ्या. देव आहे तिथेच राहू दे, हार आखूड करा.

खर्चाचं उत्तर मी अपघात टळण्यात शोधणार नाही, कारण टळलेला अपघात मोजता येत नाही. ते भांडणात शोधतो. दुचाकीवाला चुकीच्या बाजूने आला, पण जमाव ट्रकवाल्यालाच धरतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. अशा वेळी बाहेरच्या कॅमेऱ्याचं साधं रेकॉर्डिंग, त्यात एआय असो वा नसो, चालकाच्या बाजूने उभं राहतं. पण ते व्हॉट्सॲपवर फिरवू नका, तिथे चित्र दाबलं जातं आणि मूळ फाइल उरत नाही. गाडी थांबल्या-थांबल्या यंत्राची वीज तोडा, कार्ड काढा, पाकिटात घाला, तारीख-वेळ लिहा आणि वकिलाला विचारूनच पुढे द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि त्यात फाइलचा हॅश म्हणजे तिचा अंकी ठसा लिहावा लागतो. फाइलमध्ये एवढीशी काटछाट झाली तरी तो ठसा बदलतो. यंत्राचं घड्याळ बरोबर आहे का, ते महिन्यातून एकदा बघत चला. वेळ चुकलेली असेल तर समोरचा वकील तिथूनच सुरुवात करतो.

घेण्याआधी विक्रेत्याला रात्री नऊला तुमच्या बागेच्या रस्त्यावर बोलवा. भरलेली गाडी, तुमचाच चालक, दुपट्टा आणि खर्र्यासकट. पुढे एक ट्रॉली रेडियमशिवाय उभी करा आणि एक रेडियम लावून, आणि बघा कुठे वाजतं, कुठे नाही. तो आला नाही तर उत्तर मिळालंच. वर्षाचा सिम आणि सर्व्हरचा खर्च वेगळा लिहून घ्या, पहिलं वर्ष फुकट असतं आणि दुसऱ्या वर्षी फोन येतो. वर्षाचे पैसे भरले नाहीत तर बझरही बंद पडतो का, हेही विचारा. काहींचा पडतो.

दोन्ही आयशरला एकदम बसवू नका. जी गाडी रात्रीची आणि समृद्धीची खेप करते तिला आत-बाहेर असा दोन डोळ्यांचा संच लावा, आंबिया बहार संपेपर्यंत चालवा, मग दुसरीचं ठरवा. पिकअप गावातच फिरते, बागेत, खळ्यावर, मजुरांच्या पोरांमध्ये मागे घ्यावी लागते. तिला झोपेचा कॅमेरा नको. मागे माणूस ओळखून वाजणारा रिव्हर्स कॅमेरा लावा. तो आयशरच्या संचापेक्षा बराच स्वस्त पडतो, आणि बसवताना बझर केबिनमध्ये एक आणि मागच्या फाळक्याजवळ एक असे दोन काढून घ्या, म्हणजे मागे खेळणाऱ्या पोरालाही तो ऐकू येईल.